दोघं भेटले की सभा

लिपा, नेब्रास्का
सोमवार, ११ मार्च १९९६

प्रिय अल्बिना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू शेगडीत टाकणार असशील, तर त्याआधी लॅडीला वाचायला दे. तुझ्या नवऱ्याला एक पान वाचायला अर्धा दिवस लागतो, तेवढ्यात तुझं डोकं जरा थंड होईल.

तीन वर्षं झाली गं. प्लम ओढ्यावरचा पूल होता तेव्हा तुझं घर माझ्यापासून चार मैल होतं. पूल गेला आणि अकरा मैलांचा वळसा वाढला. हे पत्र तर त्याहून मोठा वळसा घालणार. आधी ओमाहाला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि मग परत येऊन तुझ्या पेटीत पडेल. सख्ख्या बहिणींवर ही वेळ यावी म्हणजे पोस्टखात्याची करमणूकच आहे.

पूल पाडायचा ठराव आमच्या काउंटीच्या मंडळाने दोन विरुद्ध एक मतांनी केला. आम्ही तिघंच निवडून आलेले. ओर्विल थिसेन यांनी ठराव मांडला, ड्युएन पोस्पिशिल विरोधात गेला आणि उरलेलं मत माझं होतं. लोखंड गंजलं होतं, इंजिनिअरचा अहवाल होता, शाळेची बस त्याच पुलावरून जायची. हे सगळं सांगायला मी चर्चच्या दारात तुझ्या गाडीपाशी आले होते आणि तू माझ्या तोंडावर काच वर केलीस. पुढच्या रविवारपासून तर तू चर्चच बदललंस. आता ते पुन्हा उगाळत बसत नाही.

मला एक बातमी सांगायची आहे. ती एकदम सांगवत नाही, म्हणून आधी रस्त्यांचं सांगते.

गेल्या गुरुवारी आमची वसंतातली फेरी झाली. बर्फ वितळून रस्ते लोण्यासारखे झाले की मंडळ गाडीत बसून सगळी काउंटी हिंडतं आणि खडी कुठे टाकायची ते ठरवतं, हे तुला ठाऊक आहे. पण यातली गंमत तुला कधी नीट सांगितली नव्हती. तिघांच्या मंडळात दोघं म्हणजे बहुमत, आणि बहुमत एका जागी जमलं की ती सभा. सभा म्हटली की नोटीस हवी, लिहून घेणारी क्लार्क हवी आणि येईल त्या नागरिकाला दार उघडं हवं. म्हणून आमच्या गाडीत आमची क्लार्क रोझेल वही घेऊन बसते आणि कोर्टाच्या दारावर नोटीस लागते की अमुक दिवशी मंडळ गाडीत असेल, लोकांनी मागून यायला हरकत नाही. एका वर्षी कुबिक म्हातारा खरंच ट्रॅक्टर घेऊन दिवसभर आमच्या मागे हिंडला होता. आम्ही थांबलो की तोही थांबायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "चालू द्या, मी नुसता ऐकतोय."

या वेळी गाडी ड्युएनची होती. पुढच्या सीटवर त्याचा कुत्रा, कारण त्याला मागे बसवलं की उलटी होते. मागे डावीकडे ओर्विल थिसेन, उजवीकडे मी आणि मध्ये वही सांभाळत रोझेल. जुन्या शाळेच्या उतारावर गाडी दाराच्या कडीपर्यंत चिखलात रुतली. ड्युएन कुत्र्याला घेऊन चालत गेला, गाडी ओढून काढायला रस्ता सपाट करायचं ग्रेडर यंत्र आणायला. आम्ही तिघं चाळीस मिनिटं तिथेच बसून होतो. काही विशेष बोलणं झालं नाही.

बाकी ठीक. माझा गुडघा बरा आहे. एमिलच्या कबरीवर मी यंदा पांढरी जिरेनियम लावणार आहे, माझा नवरा असता तर लाल लाव म्हणाला असता. पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण वाचलंस का एवढं लॅडीकडून कळव.

तुझी,
लिबी


शुक्रवार, १२ एप्रिल

प्रिय अल्बिना,

लॅडी धान्याच्या कोठारावर भेटला. म्हटलं, "काय रे, माझं पत्र मिळालं का?" तर म्हणाला, "मिळालं." म्हटलं, "तिने वाचलं?" तर म्हणाला, "मला वाचायला दिलं." म्हटलं, "मग?" तर तो टोपी खाजवत म्हणाला, "मी अजून वाचतोय." तुझ्या घरात कोणी सरळ उत्तर देत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. चाळीस मिनिटांत विशेष बोलणं झालं होतं.

पण त्याच्या आधीचं तुला ठाऊक नाही. ओर्विल आणि मी अकरा वर्षं मंडळावर आहोत. दोघं भेटले की सभा, या नियमाची मला इतकी धास्ती की डॉलीच्या हॉटेलात तो आधी आलेला दिसला तर मी काउंटरवर बसायचे, त्याच्याकडे पाठ करून. मी आधी आले तर तो पाठ करायचा. सगळ्या गावाला दिसायला हवं ना, की मंडळाचं काही शिजत नाहीये. एमिल गेल्यावर मी रोज सकाळी तिथेच नाश्ता करायला लागले आणि त्याची वर्ना तर त्याआधीच गेली होती. मग एके दिवशी पाठीमागून आवाज आला, "लिबी, टोमॅटोची रोपं लावलीत का?" मी मान न वळवता म्हटलं, "लावली." झालं. तिथून सुरुवात.

काउंटीचं बोलायचं नाही म्हटल्यावर माणसाला बाकीचं सगळं बोलावं लागतं. मी त्याला एमिलच्या शेवटच्या महिन्यांचं सांगितलं, जे मी तुलाही पुरतं सांगितलं नव्हतं. त्याने वर्नाचं सांगितलं. त्याला पोळलेला टोस्ट आवडतो हे मला कळलं आणि मला भूगोलाच्या परीक्षेत कॉपी करताना पकडलं होतं हे त्याला कळलं. पाठीला पाठ. डॉली म्हणते, "तुमच्याकडे बघून माझी मान दुखायला लागली."

आता गाडीतलं. ड्युएन गेला. ओर्विलने टोपी मांडीवर ठेवली. तू त्याला बघितलंयस, केवढा उंच आहे, मागच्या सीटवर त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"रोझेल, पेन जरा खाली ठेव," तो म्हणाला.

"नाही हो ठेवता येणार. दोन सभासद आहात. दोन म्हणजे कोरम."

"मी काउंटीचं काही बोलत नाहीये."

"तेच तर लिहायचं असतं. काउंटीचं काही बोलणं झालं नाही, असं."

मग तो तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "लिबी, अकरा वर्षं मी तुमच्याकडे पाठ करून कॉफी पितोय. मी एकोणसत्तरचा झालो. आता जरा समोर बसून प्यावीशी वाटते."

रोझेलचं पेन थांबलं. "अहो, हे लिहू की नको?"

"थांब गं," मी म्हटलं. "आधी ठराव काय आहे तो नीट कळू दे."

"माझ्याशी लग्न कराल का, हा ठराव आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे, टोपी गोल गोल फिरवत होता.

मला काय सुचावं? मी म्हटलं, "याला अनुमोदन कोण देणार?"

"मी देते!" रोझेल ओरडली. "मी सभासद नाही, पण मी देते!" आणि त्या बाईने आमच्या दोघांच्या मध्ये बसून असं रडायला सुरुवात केली की आम्हालाच तिची समजूत काढावी लागली. ड्युएन ग्रेडर घेऊन आला तेव्हा ओर्विल तिला रुमाल देत होता आणि मी तिची पाठ थोपटत होते. ड्युएन म्हणाला, "काय झालं? माझा कुत्रा तर माझ्याजवळ आहे." आम्ही कुत्र्यासाठी रडतोय असं वाटलं की काय त्याला, देव जाणे.

इतिवृत्तात रोझेलने लिहिलंय: दहा वाजून पाच मिनिटांनी गाडी रुतली, पावणेअकराला निघाली, मधल्या वेळात काउंटीचं कोणतंही कामकाज झालं नाही. त्यावर आम्ही तिघांनी सह्या केल्या आहेत.

मी हो म्हटलं, अल्बिना. सहासष्टाव्या वर्षी. मी फार आनंदात आहे, इतकी की सकाळी उठून एकटीच हसते. पण ज्याने तुझा पूल पाडायचा ठराव मांडला त्याच्याशीच मी लग्न करतेय, हे तुला लिहायला मला महिना लागला.

लिबी


बुधवार, ५ जून

प्रिय अल्बिना,

लग्न बावीस जूनला, शनिवारी दुपारी दोन वाजता, आपल्या समाजाच्या लॉजच्या हॉलमध्ये. आपल्याकडचा पाद्री ओर्विलच्या चर्चला चालत नाही आणि त्यांचा आपल्याला, म्हणून काउंटीचे जज लग्न लावणार. साठ माणसं बोलवायची असं ठरलं होतं. आता किती येतील देव जाणे. सांगते.

लग्नाची तारीख ठरली तशी रोझेल काउंटीच्या वकिलाला मंगळवारच्या सभेत घेऊन आली. त्या मुलाला कायदा पाठ आहे, पण हसू येत नाही. तो म्हणाला, "दोन सभासद एका हॉलमध्ये, आणि तिसराही येणार. नोटीस लागेल."

"अहो, हे लग्न आहे," मी म्हटलं.

"लग्नाला हरकत नाही. पण उद्या कोणी म्हणालं की केक कापता कापता यांनी खडीचं कंत्राट ठरवलं, तर?"

ड्युएन खुर्चीत मागे रेलून मजा बघत होता. "आणि लग्नानंतर काय? हे दोघं रोज सकाळी एका टेबलाशी अंडी खाणार. रोज कोरम! रोझेल, तुला यांच्याकडेच राहायला जावं लागतंय बघ."

रोझेल म्हणाली, "मला अंडी चालत नाहीत."

शेवटी वकिलाने सांगितलं की घरात काउंटीचा शब्द काढायचा नाही, काढला तर मंगळवारी सभेत दोघांनी कबूल करायचं. ओर्विल म्हणाला, "आम्हाला सवय आहे." पुढच्या निवडणुकीत तो उभा राहणार नाही, तोवर अडीच वर्षं असंच.

तर नोटीस. रोझेलने नेहमीचा छापील नमुना घेतला, तारीख आणि जागा भरली, "मंडळाच्या बहुमताची उपस्थिती संभवते, कोणतंही कामकाज होणार नाही" असं टाइप केलं आणि कोर्टाच्या दारावर चिकटवली. शुक्रवारच्या पेपरातही दिली. नमुन्याच्या तळाशी जे नेहमी छापलेलं असतं ते खोडायचं तिच्या लक्षातच आलं नाही. तू पेपर घेतेस, तू वाचलंच असशील. "सभा सर्वांना खुली आहे. प्रत्येक नागरिकास नाव व पत्ता सांगून तीन मिनिटं बोलता येईल."

माझ्या लग्नात!

शनिवारी सकाळी डॉलीच्या हॉटेलात शिरले तर सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुबिक म्हातारा म्हणाला, "लिबी, मी येतोय. माझी तीन मिनिटं मी राखून ठेवलीयत." उत्तरेकडच्या टोकाची माणसं, ज्यांना मी निवडणुकीपुरती भेटते, त्यांनीसुद्धा फोन करून विचारलं की सोबत काय आणू. रोझेल रडत माझ्याकडे आली. म्हटलं नोटीस मागे घेऊ, तर वकील म्हणतो, मागे घ्यायला मंडळाची सभा बोलवावी लागेल आणि त्या सभेची आधी नोटीस द्यावी लागेल. ओर्विलने तिच्यासमोर कॉफी ठेवली आणि म्हणाला, "राहू दे गं. निवडून दिलंय त्यांनी, जेवू घालू." लॉजच्या बायकांनी कोलाचे करायला घेतलेत, जर्दाळूच्या आणि खसखशीच्या सारणाचे गोड पाव. आधी वीस डझन ठरले होते, आता ऐंशी. मी वैतागायला हवं होतं, पण खरं सांगू, मला मनातून आवडलंय.

पण तुला हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. परवा मी ओढ्यापर्यंत गेले होते. रस्ता जिथे संपतो तिथे आमच्याच काउंटीने लावलेला लाल-पांढरा अडसर आहे, त्याला टेकून उभी राहिले. पलीकडे तुझ्या दोरीवर चादरी वाळत होत्या. तू बाहेर आलीस, चादरी काढल्यास, एक घडी केलीस आणि माझ्या बाजूला बघितलंस. मला वाटतं बघितलंस. मी हात वर केला. तू टोपली घेऊन आत गेलीस. उन्हात तुझ्या डोळ्यांवर तिरीप असेल, असं मी माझं मला सांगितलं.

आई गेल्यावर माझ्या पहिल्या लग्नात माझ्याजवळ तू उभी होतीस. पंधरा वर्षांची, उंच टाचांच्या चपलांत अडखळत. या वेळीही माझ्याजवळ तूच उभी राहावीस असं मला वाटतं. दुसऱ्या कोणाला मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तू नाही आलीस तर ती जागा रिकामी राहील.

नागरिक म्हणून आलीस तरी चालेल.

लिबी


रविवार, २३ जून

अल्बिना,

ओर्विल स्वयंपाकघरात टोस्ट पोळवतोय, मी खिडकीपाशी बसून हे लिहितेय. काल काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू मागच्या दारापाशी उभी होतीस. पुढून कसं दिसलं ते मी सांगते.

चारशेच्या वर माणसं होती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक बाकांवर, खिडक्यांत, बिअरच्या पिंपांवर बसले. ड्युएन मंडळाचा अध्यक्ष आणि ओर्विलच्या बाजूने उभा राहणारा, म्हणून त्याने सुटाच्या खिशातून सभेचा लाकडी हातोडा काढला आणि टेबलावर ठोकला. जज म्हणाले, "मी सुरू करू का?" तर ड्युएन म्हणाला, "आधी नागरिक. नोटिशीत लिहिलंय."

कुबिक म्हातारा पहिला उठला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "नवरीबाई, माझ्या रस्त्यावर खडी कधी पडणार?" हॉल हसून हसून पडायच्या बेतात. त्याच्या मागे एक बाई काटेरी गवताची तक्रार घेऊन. मग उत्तरेकडचा एक जण उठला, म्हणाला मला बोलायचं नाही, वाजवायचंय, आणि तीन मिनिटं अकॉर्डियनवर पोल्का वाजवला. वकील तोंड उघडणार तोच ड्युएन म्हणाला, "वेळ त्यांची आहे." मी तुला सांगते, इतकं हसणं त्या हॉलमध्ये याआधी झालं नसेल. आणि माझ्या डाव्या हाताकडची जागा तेव्हा रिकामी होती. मी हसत होते आणि दाराकडे बघत होते.

"अजून कोणी?" ड्युएनने विचारलं.

मग तू हात वर केलास. निळा पोशाख, हातात पर्स. लोक बाजूला झाले आणि वाट झाली. ड्युएन पन्नास वेळा तुझ्याकडे जेवलाय, तरी सवयीने म्हणाला, "नाव, पत्ता."

"अल्बिना हावेल. रूरल रूट दोन. प्लम ओढ्याच्या पलीकडे, जिकडे आता कोणी येत नाही."

रोझेलने घड्याळ लावलं.

तू म्हणालीस, "पूल जुना होता, मला कळतं. पाडायच्या आधी दोन वर्षं मी लॅडीला त्यावरून ट्रॅक्टर नेऊ देत नव्हते. या बाईला वाटतं मी पुलासाठी रागावलेय. पत्रांवर पत्रं लिहिते, पूल, गंज, इंजिनिअर. ठराव झाला त्याच्या आदल्या रविवारी ती माझ्या टेबलाशी बसली होती. बदक केलं होतं मी, डंपलिंग, कोबी. हिने दोनदा वाढून घेतलं. माझ्याकडून डबा भरून नेला. आणि एक शब्द बोलली नाही. मंगळवारी हात वर केला. मला कधी कळलं? शुक्रवारी, पेपरात. माझ्या दारातला पूल जाणार हे मला माझ्या बहिणीने सांगायला नको?"

ओर्विल खाली बघत होता. रोझेल अगदी हळू म्हणाली, "चाळीस सेकंद आहेत अजून."

तू सरळ पुढे आलीस, तुझ्या टाचांचा आवाज मला अजून ऐकू येतोय. माझ्यासमोर उभी राहिलीस आणि माझ्या कॉलरवरचा धागा काढलास. एक नव्हताच, दोन होते, दुसराही काढलास. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिलीस आणि जजकडे बघून म्हणालीस, "आता लावा."

ड्युएनने हातोडा ठोकला. त्यालाही दिसत नव्हतं नीट, टेबलाऐवजी हातोडा केकच्या ताटलीवर बसला.

मला तेव्हाच बोलायचं होतं. पण नागरिक बोलले की मंडळाने त्याच सभेत उत्तर द्यायचं नाही, हा नियम अकरा वर्षांत माझ्या इतका अंगात भिनलाय की माझा जबडाच उघडेना. पुढे नाच सुरू झाला, लोकांनी मला ओढून नेलं, आणि मी सुटून तुला शोधेपर्यंत लॅडी म्हणाला की गाईंची वेळ झाली, ती गाडीत बसलीय. म्हणून उत्तर आज.

तू म्हणालीस ते खरं आहे. त्या रविवारी मी तुझ्या टेबलाशी बसले आणि मला सगळं माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं की कायद्याने बोलता येत नाही. तीन वर्षं मी हेच सांगत आले, लोकांना, ओर्विललाही. कायदा मला ओर्विलशी बोलू देत नाही, ड्युएनशी बोलू देत नाही. तुझ्याशी बोलायला तो कधीच आडवा आला नव्हता. मी घाबरले होते गं. तू ताट वाढत होतीस, हसत होतीस, आणि मला वाटलं, सांगितलं तर ही रडेल आणि मग माझा हात वर जाणार नाही. म्हणून मी आणखी एक डंपलिंग मागितलं. पूल पाडायचं मत मी आजही तेच देईन. पण तुला न सांगता उठले, ते चुकलं. फार चुकलं. तुझ्यासमोर कधी कबूल केलं नव्हतं, आज करते.

आता ज्यासाठी एवढ्या घाईने लिहितेय ते.

परवा मंगळवारी, पंचवीस तारखेला नऊ वाजता, मी एक ठराव मांडणार आहे. प्लम ओढ्यावर पूल नव्हे, मोरी. राज्याने हायवे रुंद केला तेव्हा काढलेले सिमेंटचे मोठे पाइप दीड वर्ष आमच्या आवारात पडून आहेत. ते टाकायचे, वर भराव घालायचा आणि रस्ता पुन्हा जोडायचा. वर्षातून दोन-तीनदा पाणी वरून जाईल, तेवढे दिवस वळसा. बाकी चार मैल. हे मी वर्षभर मनात धरून बसलेय आणि मांडलं नाही, कारण लोक म्हणतील बहिणीचा रस्ता केला. म्हणोत. बहीण रस्त्याच्या टोकाला राहते हा तिचा गुन्हा नाही.

ठराव पास होईल का, ते मला माहीत नाही. ड्युएनच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही. ओर्विलचं तर मला अजिबात ठाऊक नाही. काल माझ्याशी लग्न केलेला माणूस इथे दहा पावलांवर उभा आहे आणि मी त्याला विचारू शकत नाही. आत्ताच त्याने डोकावून विचारलं, "एवढं काय लिहितेस?" मी म्हटलं, "मंगळवारी कळेल." तो म्हणाला, "असं होय," आणि टोस्टकडे परत गेला.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. उद्या टाकलं तर तुला बुधवारी मिळेल. मी स्वतःच घेऊन येतेय, लांबच्या रस्त्याने, आत्ता लगेच. ते तुझ्या हातात देऊन मी व्हरांड्यात थांबेन. वाचून झालं की आत बोलाव, किंवा नको बोलावूस. मंगळवारी काय व्हायचं ते होवो, पण या वेळी नवऱ्याच्याही आधी तुला सांगितलंय.

लिबी